पाजलं त्याला जाळायचं कसं?

पाद्री बाल्तासार आमच्या गावी आले ते खेचरावर बसून, आणि खेचर आलं ते रडत. आमचा डोंगरच तसा आहे. खाली लिमामध्ये लोक म्हणतात की आम्ही ढगांत राहतो. खोटं आहे. ढग आमच्या खाली दोन शेतं सोडून असतात. पाऊस हवा असला तर उतरून वर हाकलत आणावा लागतो. माझ्या पणजीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, आजीने तिच्याकडून ऐकलं आणि मी आजीकडून लाटलं. ज्याला पटत नसेल त्याने वर येऊन विचारावं. अर्ध्या वाटेतच दम लागतो आणि सगळं पटतं.

तर त्या काळी स्पेनच्या राजाला आमच्याकडून चांदी हवी होती, ती खाणीत मिळत होती. चांदीसाठी पारा हवा होता, तो काढायला आमचे पुरुष पाळीपाळीने जात होते आणि परत येताना पाळी मोडत होते, म्हणजे येतच नव्हते. राहता राहिले आमचे मेलेले. त्यांचा राजाला काही उपयोग नव्हता, म्हणून ते पाद्र्यांच्या वाट्याला आले.

आमच्यात मेलेल्या माणसाला गुडघे छातीशी घेऊन बसवतात, लोकरीच्या कापडात गुंडाळतात आणि वरच्या गुहेत नेऊन ठेवतात. थंडी आणि वारा बाकीचं काम करतात. मग सणासुदीला नवं कापड, थोडी कोकाची पानं, घोटभर चिचा, म्हणजे मक्याची दारू. त्या गुहेत सगळ्यांत जुनी होती थोरली. थोरलीने वरच्या तळ्यापासून गावापर्यंत पाट खणला, तोही आपल्या शालीच्या टाचणीने, आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाकही केला. दरवर्षी पाट साफ करायच्या दिवशी तिला उचलून पाटाच्या तोंडाशी नेऊन बसवत. ती बसली की पाणी आमच्याकडे वळायचं. खालचं पारियाक गाव यावर जळून असायचं, कारण त्यांची म्हातारी आदल्या वर्षी पाद्र्यांनी जाळली होती आणि त्यांचं पाणी आता आमच्या मर्जीवर होतं.

थोरलीचं सगळं बघायची वारकायआत्या. सगळ्या गावाची आत्या ती. तिचा नवरा पाऱ्याच्या खाणीत गेला, मग थोरला मुलगा गेला, मग धाकटा. तिघांतलं कुणी आलं नाही, गुहेत बसवायलासुद्धा नाही. घरात बोलायला माणूस उरलं नव्हतं. म्हणून आत्या रोज वर जायची आणि दिवसभरातलं सगळं थोरलीला सांगायची. थोरली मध्येच तोडत नसे.

पाद्री बाल्तासार यांनी शेजारच्या रापाय गावात त्रेचाळीस देव जाळले होते आणि लिमात त्यांचं नाव झालं होतं. आल्या आल्या त्यांनी चौकात खुर्ची मांडली, शेजारी मेन्दिएता नावाचा कारकून बसवला आणि एक लांबलचक हुकूम वाचला. भाषा आमचीच होती, पण दुसऱ्या कुणाच्या तरी दातांनी चावलेली वाटत होती. शेवटचं तेवढं सगळ्यांना कळलं.

"तीन दिवस देतो. चौथ्या दिवशी तुमची ती वाळलेली म्हातारी इथे पाहिजे!"

"कुठली म्हणायची, पाद्रेबाबा?" आत्या पुढे झाली. "इथे सगळ्याच वाळलेल्या आहोत."

"पाटाची म्हातारी! पारियाकच्या लोकांनी सांगितलंय मला."

"त्यांचं काय ऐकता! त्यांना बापाचं नाव विचारा, तीन सांगतील."

"चौथ्या दिवशी ती आली नाही," पाद्रे म्हणाले, "तर या डोंगरातली एकूण एक गुहा धुराने भरीन. सगळेच जळतील. मग निवडत बसायला नको."

मेन्दिएताने हे लिहून घेतलं आणि बोटांवर फुंकर मारली. थंडीने त्याची बोटं वांग्यासारखी सुजली होती.

दुपारी गावचा कारभारी रिमाय याच्या घरी सगळे जमले. रिमाय तसा हुशार, पण हुशारी वापरताना घाम येणारा.

"एक द्यावीच लागणार," तो म्हणाला. "एक दिली तर बाकी वाचतात."

"मला द्या," आत्या म्हणाली. "गुंडाळा आणि बसवा. मी कुठे फार ओली आहे?"

"आत्या, तू मध्ये बोललीस तर? तुला गप्प बसायचं माहीत आहे का?"

"ते मात्र जमणार नाही," आत्याने मान्य केलं.

मग तोमास कुंभार बोलला. तोमास कधी बोलत नसे, म्हणून सगळे दचकले. "थोरली कुणी पाहिलीय? पाद्र्याने पाहिलीय? नाही ना? मग मी एक करून देतो."

अशी आमच्या गावात म्हातारी घडवायला सुरुवात झाली. मडकं घडवावं तसं. आत लामा जनावराची हाडं, त्यांच्याभोवती डोंगरी गवत, डोक्याच्या जागी भोपळा, आणि चेहऱ्याला हिमात वाळवलेला बटाटा भिजवून, कुटून, लिंपून. बटाटा वाळला की सुरकुत्या आपोआप पडतात, आणि तोमासने अशा काही पाडल्या की त्याच्या बायकोला, मिकाएलाला, तिची सासू आठवली आणि ती चार पावलं मागे सरली. केसांना लामाची लोकर. म्हातारी वाळायला हवी होती, आणि चौकात तर कारकून फिरत होता. म्हणून तिला नेऊन ठेवली गुहेत, थोरलीच्या शेजारी.

चुकलं ते इथे.

पहिल्या दिवशी आत्या नेहमीसारखी तुंबा घेऊन वर गेली. थोरलीला घोटभर चिचा वाहिली. शेजारी दुसरी बसलेली. आता तुम्ही सांगा, दोघी बसल्या असताना एकीला पाजायचं आणि दुसरीसमोरून तुंबा तसाच परत न्यायचा? आत्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिला एक थेंब वाहिला. एकच. शिष्टाचार म्हणून.

दुसऱ्या दिवशी तोमास चेहरा तपासायला गेला, तेव्हा तो पानं चघळत होता. चारातली दोन त्याने तिच्या मांडीवर ठेवली. संध्याकाळी मिकाएला गेली आणि गार वारा बघून आपली शाल तिच्या खांद्यावर टाकून आली. तिसऱ्या दिवशी एक मेंढपाळ गुहेपाशी थांबला, त्याची लामा हरवली होती. त्याने थोरलीला विचारलं, आणि बरं दिसत नाही म्हणून शेजारणीलाही विचारलं. लामा तासाभरात सापडली. झालं! तोपर्यंत तिला नावही पडलं होतं. सगळे तिला धाकटी म्हणत होते.

चौथ्या दिवशी सकाळी रिमाय चार माणसं घेऊन धाकटीला न्यायला वर आला, तर गुहेच्या तोंडाशी अर्धं गाव बसलेलं.

"उचला," रिमाय म्हणाला.

कुणी हलेना.

"अरे उचला! ऊन वर आलं. पाद्रे वाट बघतायत."

"पाजलंय तिला," तोमास खाली बघत म्हणाला.

"काय?"

"चिचा पाजलीय. पानं दिलीत. मिकाएलाची शाल आहे तिच्या अंगावर. आता ती आपली झाली. आपल्या माणसाला आगीत कसं द्यायचं?"

रिमायने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तोमास, तूच केलीस ना तिला? तुझ्या हातांनी? बटाट्याची आहे ती!"

"आणि तू कशाचा आहेस?" आत्या म्हणाली. "जन्मापासून खाल्लंस काय दुसरं?"

रिमायने तो प्रश्न तिथेच सोडला. खरं सांगायचं तर मलाही त्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

"कुणी पाजलं पहिल्यांदा?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"एकच थेंब," आत्या म्हणाली.

"एका थेंबाने नातं होतं, आत्या. तूच आम्हाला शिकवलंस." रिमाय खाली बसला. "मग आता? थोरली द्यायची नाही, धाकटी द्यायची नाही. या गावात असं कोण आहे ज्याला कुणी कधीच काही पाजलं नाही?"

सगळे बोटांवर मोजू लागले. गावात भटक्या कुत्र्यांनाही कुणी ना कुणी पाजलेलं होतं. मग आत्या हळूच म्हणाली, "एकजण आहे बिचारा."

तो होता संत ओनोफ्रे. देवळात वेदीच्या उजव्या अंगाला उभा. तीस वर्षांपूर्वी त्याला लिमाहून खेचरावर लादून आणलं होतं. देवदारी लाकूड, लांब दाढी, आशीर्वादाला वर केलेली दोन बोटं. तो आला तेव्हा गावाने रीतीप्रमाणे त्याच्यापुढे चिचा ठेवली होती. तर सणापुरता वर चढणाऱ्या आमच्या नेहमीच्या पाद्र्याने ठेवणाऱ्या तिघांना फटके मारले आणि बजावलं, की पुन्हा या संताला कुणी थेंबभर पाजलं तर बघा. गावाने हुकूम पाळला. तीस वर्षं तो पाहुणा तसाच कोरड्या तोंडाने उभा होता.

"पण तो उभा आहे," रिमाय म्हणाला. "म्हातारी बसलेली असते."

"गुडघ्यात कापला की बसेल," तोमास म्हणाला. त्या आठवड्यात तोमास तिसऱ्यांदा बोलला होता, आणि दर वेळी काहीतरी भयंकर.

पाद्रे बाल्तासार दुपारी जेवून झोपत. त्या दिवशी मिकाएलाने त्यांच्यासाठी चुलीमागे पाळलेले सहा कुई, म्हणजे गिनीपिग, भाजले. चार खाल्ले की माणूस झोपतो, सहा खाल्ले की प्रार्थनेची घंटाही ऐकू येत नाही. पाद्र्यांनी सहाच्या सहा संपवले. मेन्दिएता शेकोटीपाशी बोटं शेकत बसला होता. तेवढ्या वेळात तोमासने देवळात जाऊन संताला गुडघ्यांत कापलं, गुडघ्यांवर बसवलं आणि वर सात पदर कापड गुंडाळलं. पणजी सांगायची, तीस वर्षांनी बसायला मिळाल्यावर संताच्या चेहऱ्यावर इतका आराम आला की तोमासने त्याची माफी मागायचं रद्द केलं.

रिकाम्या जागेवर धाकटीचे पाय सरळ करून, संताचा झगा घालून तिला उभी केली. दाढी लोकरीची लावली. पुढे आमच्या नेहमीच्या पाद्र्याच्या लक्षात आलं की संत जरा खंगलेत. पण इतक्या उंचीवर कोण खंगत नाही? उलट पूर्वीपेक्षा मायाळू दिसतात, असंही तो म्हणाला.

असो. चौकात लामांच्या शेणाच्या गोवऱ्या रचल्या होत्या. पाद्रे जांभया देत आले. गाठोडं पाहून त्यांचे डोळे उघडले.

"हीच ती?"

"हीच," रिमाय म्हणाला आणि त्याला घाम सुटला.

"मेन्दिएता, उघडून खात्री कर."

कारकून पुढे आला. सुजलेल्या बोटांनी त्याने एकेक पदर सोडला. सातव्याच्या आत त्याला लाकडाची दोन बोटं दिसली, त्यालाच आशीर्वाद देणारी. त्याने बोटांकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. मग डोंगराच्या शेंड्यावर जमू लागलेल्या बर्फाकडे पाहिलं. खरं बोललं तर या गावात आणखी दहा दिवस काढावे लागले असते.

"काय आहे?" पाद्र्यांनी विचारलं.

"म्हातारी आहे," मेन्दिएता पदर परत लावत म्हणाला. "वाळलेली. चेहऱ्यावर पाप स्पष्ट दिसतंय. पेटवायचं ना?"

"थांब. त्या राखणकरणीला आपल्या हातांनी ठेवू दे."

आत्याने संत उचलला आणि गोवऱ्यांवर बसवला. ऊन रणरणत होतं. आता बघा, चाळीस वर्षं ही बाई एकच काम करत आलेली. कुणाला नेऊन बसवलं की पहिलं काम तोंड ओलं करायचं. डोक्याने काही ठरवायच्या आत हाताने कमरेचा तुंबा सोडला, आणि तिने संताच्या पुढ्यात चिचा वाहिली. थेंब नाही, चांगला घोटभर.

गर्दीतून असा आवाज आला, जसा हिमकडा तुटताना येतो.

"आत्या!" रिमाय दात आवळून म्हणाला. "काय केलंस! आता हाही आपला झाला!"

आत्याने तुंब्याकडे पाहिलं. मग गाठोड्याकडे. तिचा चेहरा उतरला. "थांबा!" ती ओरडली. "पाद्रेबाबा, थांबा! हा नाही! मला जरा..."

"पेटव!" पाद्रे गरजले. "पाहिलंस मेन्दिएता? लिही! डोळ्यांदेखत सैतानाला पाजलं!"

आगीने पेट घेतला. आत्या झेपावली, दोघांनी तिला धरलं. आणि मग सगळं गाव रडलं. खोटं नव्हे. तीस वर्षं दाराशी आलेला पाहुणा, कुणी त्याची विचारपूस केली नाही, आणि आपला झाला तो नेमका आगीत. तोमास तर लहान पोरासारखा हुंदके देत होता, त्याच्या हातून पाय कापले गेले होते. पाद्रे बाल्तासार तृप्त होऊन बघत होते. इतकं रडणारं गाव त्यांना रापायलाही मिळालं नव्हतं.

देवदाराचा धूर चौकभर घमघमला.

"बघा, सैतान कसा सुगंध सोडून भुलवतोय," पाद्रे नाकाला रुमाल लावून म्हणाले. "श्वास घेऊ नका कुणी."

मग शिक्षा झाली. आत्याला तीस फटके आणि केशवपन. फटक्यांना तिने हूं केलं नाही. केस कापले तेव्हा मात्र तिने डोळे मिटले. आमच्या बायका मेल्यावरसुद्धा केस सोडून जात नाहीत. चौकात पडलेली एकेक बट मिकाएलाने गोळा करून पदरात बांधली. आजी इथे थांबायची आणि चुलीत काहीतरी सारखं करायची. मीही इथे काही भर घालत नाही.

आम्ही संताचं पाच दिवस सुतक धरलं. पाचव्या दिवशी रीतीप्रमाणे देवळाच्या उंबऱ्यावर राख पसरली, मेलेला निरोप घ्यायला येतो त्याची पावलं दिसावीत म्हणून. तर राखेत दोन गोल ठसे उमटले. गुडघ्यांचे. पाय तोमासकडे राहिले होते ना! ते त्याने लोकरीत गुंडाळले आणि गुहेत थोरलीच्या शेजारी नेऊन ठेवले. तेव्हा कुठे त्याला झोप लागली.

पाद्रे बाल्तासार निघाले त्याआधी रिमायने त्यांच्याकडून एक कागद मागून घेतला. "पारियाकचे लोक पुन्हा तक्रार करतील, बाबा. तुमचं काम खोटं ठरवतील." हे पाद्र्यांना अजिबात सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताने लिहिलं, की या गावची पाटाची म्हातारी आपल्यासमक्ष जळून राख झाली, आणि खाली मेणाचा शिक्का ठोकला.

दोन वर्षांनी पाट साफ करायचा दिवस आला. आदल्या वर्षी भीतीपोटी थोरलीला बाहेर काढलं नव्हतं, आणि पाणी आलं ते पारियाकला गेलं. यंदा आत्या म्हणाली, "ती जळली असा कागद आहे ना? मग आता कसली भीती?" आणि भर दिवसा, ढोल वाजवत, थोरलीला नव्या कापडात पाटाच्या तोंडाशी नेऊन बसवलं.

नेमका त्याच दिवशी नवा तपासनीस पाद्री हजर. तरुण, उंच, नाक लाल झालेला. पुढे पारियाकचा माणूस, बोट दाखवत धावत आलेला.

"ती बघा, पाद्रेबाबा! बसलीय! मी सांगितलं नव्हतं?"

रिमायने कागद पुढे केला. तरुण पाद्र्याने तो वाचला. सही बघून त्याने पाठ ताठ केली. बाल्तासार आता लिमाच्या मोठ्या देवळात मोठ्या खुर्चीवर होते, आणि याला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. त्याने थोरलीकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. पुन्हा थोरलीकडे पाहिलं.

"ही कोण?" त्याने आत्याला विचारलं. तिचे केस आता कानांपर्यंत आले होते.

"माझी थोरली."

"आजारी आहे का?"

"वय झालंय."

"बोलत नाही?"

"परक्या पुरुषाशी? भल्या घरची आहे ती, बाबा."

"अहो, मेलेली आहे ती!" पारियाकचा माणूस कळवळून ओरडला. "हात लावून बघा!"

तरुण पाद्र्याचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. हात लावला असता तर लिमाच्या मोठ्या खुर्चीतला माणूस खोटा ठरला असता. त्याने तो हात वळवून आपलं नाक पुसलं.

"जी म्हातारी माझ्या वरिष्ठांनी जाळली," तो सावकाश म्हणाला, "ती इथे बसलेली असू शकत नाही. म्हणजे ही दुसरी आहे. आणि दुसरी आहे म्हणजे जिवंत आहे." मग त्याला एकदम रागच आला, माणसाला स्वतःवर आला की तो दुसऱ्यावर निघतो तसा. "पण लाज वाटत नाही तुम्हाला? इतक्या म्हाताऱ्या बाईला उन्हात बसवता? अंगावर मांस नाही तिच्या! खायला घालता की नाही?"

"पाजतो अधूनमधून," आत्या म्हणाली.

"अधूनमधून नाही! रोज!" त्याने कागद मागवला आणि तिथेच, गुडघ्यावर ठेवून, राजाच्या नावाने लिहिलं: या गावातील सदर वृद्ध स्त्रीस सावलीत ठेवावे, वेळेवर खाऊ-पिऊ घालावे, उबदार वस्त्र द्यावे आणि कुणीही तिला त्रास देऊ नये. खाली शिक्का.

पाणी सुटलं. पाद्र्याच्या बुटांवरून गेलं आणि आमच्याकडे वळलं.

स्पेनच्या राजाचे पुष्कळ हुकूम आमच्या डोंगरावर आले. त्यातले बहुतेक उंदरांनी खाल्ले, काही आम्ही चुलीत घातले. हा एक मात्र आत्याने थोरलीच्या मांडीवर ठेवला आणि अक्षरशः पाळला. सकाळी पहिला घोट, संध्याकाळी दुसरा, आणि मध्ये दिवसभराच्या गप्पा. कुणी विचारलंच, की बाई, एवढा वेळ इथे काय करतेस, तर ती म्हणायची, "काय करू बाबा, राजाची चाकरी आहे."